छपराखालची खोली आणि सुटकेचा मार्ग : इंग्लंडमधील बांधकाम-नियमांचे एक विवेचन

१. विषय व त्याची मर्यादा

‘लॉफ्ट’ हा शब्द आपल्याकडील शहरी घरांत रूढ झाला आहे. पण त्याने जी जागा डोळ्यांपुढे येते ती न्हाणीघरावरील अगर स्वयंपाकघरावरील फळीवजा माळ्याची. तेथे ट्रंका, जास्तीच्या गाद्या आणि वर्षातून एकदाच लागणारी मोठी भांडी ठेवतात. इंग्लंडमध्ये हाच शब्द निराळ्या जागेस लावतात. दोन्ही बाजूंनी उतरत्या छपराच्या खाली आणि सर्वांत वरच्या मजल्याच्या छताच्या वर जी त्रिकोणी पोकळी उरते, ती तेथील लॉफ्ट होय. पूर्वी या पोकळीत पाण्याची टाकी व अडगळ एवढेच असे. जमिनीच्या किमती वाढल्या, कुटुंबास आणखी एका निजावयाच्या खोलीची गरज भासू लागली, आणि घर न बदलता खोली मिळविण्याचा सोपा उपाय म्हणून या पोकळीकडे पाहिले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा विचार अपरिचित नाही.

अशा रूपांतरात अनेक प्रश्न उद्‌भवतात. तुळयांची ताकद, उष्णतेचे रोधन, डोक्यावरील उंची, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत, हे सर्व महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : रात्री घरास आग लागली असता या नव्या खोलीत निजलेल्या माणसाने बाहेर कसे पडावे? विवेचन इंग्लंडपुरतेच आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम स्वतंत्र असून येथील आकडे तेथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. उदाहरणासाठी तेथील सर्वसामान्य दुमजली घर, म्हणजे तळमजला आणि त्यावर एक मजला असलेले, बहुधा रांगेतील घर डोळ्यांपुढे ठेवले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपण फक्त छपराखाली काम करणार आहोत आणि खालच्या घरास हात लागणार नाही, अशी घरमालकाची कल्पना असते. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. छपराखाली एक खोली वाढते तेव्हा नियमांचे ओझे त्या खोलीवर थोडे आणि खालच्या जुन्या घरावर अधिक पडते. असे का व्हावे, हे उलगडून दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२. नियमांचे स्वरूप

लंडनच्या १६६६ सालच्या महाभयंकर आगीनंतर १६६७ साली जो पुनर्बांधणीचा कायदा झाला, त्याने घरांच्या बाहेरील भिंती विटांच्या अगर दगडांच्या असाव्यात असे ठरविले. त्या कायद्याचा रोख एका घराची आग दुसऱ्या घरास लागू नये यावर होता. घरातील माणूस घराबाहेर कसा पडेल हा प्रश्न नियमांत स्वतंत्रपणे येण्यास पुष्कळ काळ जावा लागला. विसाव्या शतकात, १९६५ साली, इंग्लंड व वेल्ससाठी राष्ट्रीय बांधकाम-नियमावली तयार झाली. अंतर्लंडनचे कायदे स्वतंत्र असल्यामुळे तो भाग मात्र त्या वेळी तिच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे १९८४ चा बांधकाम कायदा आणि त्याखालील १९८५ ची नियमावली यांनी नियमांची घडणच पालटली. ‘भिंत इतक्या जाडीची असावी’ अशा तपशीलवार आज्ञांऐवजी ‘इमारतीने अमुक कार्य साधले पाहिजे’ अशी कार्यलक्षी मागणी आली. सध्या लागू असलेली नियमावली २०१० सालची असून तीतही हेच तत्त्व कायम आहे.

तिच्या अग्निसुरक्षेविषयक भागातील पहिली मागणी थोडक्यात अशी : आगीची वेळीच सूचना मिळेल आणि इमारतीतून बाहेरच्या सुरक्षित जागी, केव्हाही व परिणामकारक रीतीने, पोहोचता येईल अशी तजवीज असावी. ती कशी करावी याचे मार्गदर्शन ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट बी’ या शासकीय पुस्तिकेत दिलेले आहे. ही पुस्तिका म्हणजे कायदा नव्हे. तिच्यातील मार्ग सोडून अन्य मार्गाने तीच सुरक्षितता साधता येते. मात्र ती साधली आहे हे पटवून देण्याची जबाबदारी तसे करणाऱ्यावर येते. पुढे दिलेले आकडे या पुस्तिकेतील, निवासी घरांसंबंधीच्या पहिल्या खंडातील आहेत.

येथे दोन निरनिराळ्या परवानग्यांची गल्लत होऊ देऊ नये. नगररचनेच्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये रांगेतील घराच्या छपराचे घनफळ ४० घनमीटरपर्यंत, तर इतर घरांच्या बाबतीत ५० घनमीटरपर्यंत, काही अटींवर स्वतंत्र परवानगीशिवाय वाढविता येते. ‘परवानगी लागत नाही’ हे वाक्य येथून निघते आणि तेच चुकीने बांधकाम-नियमांनाही लावले जाते. बांधकाम-नियमांची तपासणी मात्र टळत नाही. शिवाय इमारतीत महत्त्वाचा फेरफार करताना जुन्या भागाची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होता कामा नये, असाही दंडक आहे. दुमजली घरास जो जिना पुरेसा होता तोच तिसरा मजला चढल्यावर अपुरा ठरतो. आणि म्हणून त्या जुन्या जिन्याची चौकशी सुरू होते.

३. साडेचार मीटरांची रेषा

या विषयातील सर्व नियमांचे मूळ एका आकड्यात आहे. ज्या मजल्याची जमीन बाहेरील भूपातळीपासून ४.५ मीटरांहून अधिक उंच नाही, त्या मजल्यावरून खिडकीवाटे सुटका होऊ शकते असे मानले जाते; त्याहून उंच मजल्याच्या बाबतीत तसे मानले जात नाही. उंची मोजताना इमारतीच्या ज्या बाजूस भूपातळी सर्वांत खाली असेल ती बाजू धरतात.

या रेषेमागील तर्क साध्या हिशेबाने ध्यानात येईल. पहिल्या मजल्याची जमीन भूपातळीपासून सुमारे २.७ मीटर उंच आहे असे समजू. खिडकीची खालची कड जमिनीपासून १.१ मीटर उंच धरली तर ती बाहेरून ३.८ मीटर उंच येते. प्रौढ माणूस त्या कडेस हातांनी लोंबकळला तर त्याच्या हातांपासून पायांपर्यंतचे अंतर सुमारे दोन मीटर भरते; म्हणजे त्याला प्रत्यक्ष उडी १.८ मीटरांची घ्यावी लागते. इजा होण्याचा संभव आहे, पण प्राण वाचण्याचा संभव त्याहून मोठा आहे. आता छपराखालच्या खोलीचा हिशेब करू. तिची जमीन सुमारे ५.३ मीटर, खिडकीची कड ६.४ मीटर आणि उडी ४.४ मीटरांची. त्यातही ही खिडकी बहुधा उतरत्या छपरात असते. तिच्यातून बाहेर पडणारा माणूस भिंतीलगत न लोंबकळता कौलांच्या उतारावर येतो, आणि तेथून वळचणीपलीकडे कोसळतो. जी खिडकी एका मजल्यावर दार ठरते, तीच वरच्या मजल्यावर केवळ प्रकाशाची सोय उरते.

बैठ्या घराच्या छपराखाली खोली केली तर तिची जमीन साडेचार मीटरांच्या आत राहते. तेथे प्रत्येक वसतियोग्य खोलीस योग्य खिडकी आणि घरास धूरसूचक यंत्रे दिली की सुटकेचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. दुमजली घर ती रेषा ओलांडते. बाहेरून पाहता दोन्ही कामे सारखीच दिसतात, पण नियमांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

सुटकेच्या खिडकीची मापेही अभ्यासण्यासारखी आहेत. उघडल्यावर मोकळे राहणारे क्षेत्र किमान ०.३३ चौरस मीटर असावे. रुंदी व उंची यांपैकी कोणतीही ४५० मिलिमीटरांहून कमी नसावी. आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून १,१०० मिलिमीटरांहून उंच नसावी. विद्यार्थी येथे हटकून एक चूक करतात. दोन्ही मापे किमान ठेवली तर क्षेत्रफळ ०.२०२५ चौरस मीटरच भरते. रुंदी ४५० ठेवल्यास उंची निदान ७३४ मिलिमीटर हवी. शिवाय खिडकीतून उतरलेला माणूस आगीपासून दूर जाऊ शकला पाहिजे. घरामागील बाग चारी बाजूंनी बंदिस्त असेल, तर तिची खोली निदान घराच्या उंचीइतकी असावी अशी अपेक्षा आहे.

४. जिना : घरातील धुराडे

खिडकी गेली म्हणजे उरतो तो जिना. आणि जिना हाच आगीच्या वेळी घरातील सर्वांत धोक्याचा भाग असतो. तापलेला धूर वर चढतो. उघडा जिना त्याला घरभर पसरण्यास सरळ वाट करून देतो. तळमजल्यावरील दिवाणखान्यात फोमच्या आसनास लागलेली आग काही मिनिटांतच खोली भरून टाकू शकते, आणि तिचा धूर प्रथम जेथे साठतो ती जागा म्हणजे घरातील सर्वोच्च खोली. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू वासरहित असून तो निजलेल्या माणसास जागे न करताच बेशुद्ध करतो. एका मजल्याऐवजी दोन मजले उतरावयाचे, आणि तेही ज्या वाटेने धूर वर येत आहे त्याच वाटेने, अशी छपराखालच्या रहिवाशाची अवस्था असते.

यावर नियमांचे उत्तर ‘संरक्षित जिना’ हे आहे. जिन्याभोवती ३० मिनिटे आगीस तोंड देईल असे बांधकाम हवे, आणि हा कोंडलेला मार्ग थेट घराच्या बाहेरील दाराशी गेला पाहिजे. तो तसा जात नसेल, तर तळमजल्यावर परस्परांपासून अग्निरोधक बांधकामाने विभक्त अशा निदान दोन बाहेरच्या वाटा त्यातून मिळाल्या पाहिजेत. नवा जिना या संरक्षित मार्गाचाच वरचा भाग असावा लागतो. पहिल्या मजल्यावरील निजावयाच्या खोलीतून वर चढणारा जिना त्यामुळे त्याज्य ठरतो. कारण मग छपराखालची खोली ही ‘आतली खोली’ होते, म्हणजे दुसऱ्या खोलीतून गेल्याशिवाय तिच्यातून बाहेर पडताच येत नाही. याला पर्याय एकच : वरचा मजला खालच्या मजल्यांपासून अग्निरोधक बांधकामाने वेगळा करून त्याला स्वतःची निराळी बाहेरची वाट देणे. रांगेतील घरात तो क्वचितच शक्य असतो.

‘३० मिनिटे’ याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही मुदत प्रयोगशाळेतील भट्टीतल्या प्रमाणित तापमानवक्रानुसार मोजलेली असते. त्या वक्रावर तिसाव्या मिनिटास तापमान ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. प्रत्यक्ष घरातील आग त्या वक्राप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून हा आकडा बांधकामांची परस्परांशी तुलना करण्याचे माप आहे. रहिवाशास दिलेले घड्याळी वचन नव्हे. या मापाचे तीन घटक आहेत : भार पेलण्याची शक्ती, ज्वाळा व तप्त वायू आरपार न जाऊ देण्याची अखंडता, आणि पलीकडची बाजू तापू न देण्याचे रोधन.

५. दारे आणि सवय

संरक्षित जिन्याची भिंत कितीही चांगली असली तरी तिच्यात दारे असतातच. जिन्याकडे उघडणारी खोल्यांची दारे २० मिनिटे अखंडता टिकवू शकतील अशी असावीत असे पुस्तिका सांगते. जुन्या घरांतील पातळ फळ्यांची दारे या कसोटीस उतरत नाहीत आणि दारावरील काचेची झडपेही अग्निरोधक नसतात. छपराखाली खोली करू पाहणाऱ्या गृहस्थास तळमजल्याची व पहिल्या मजल्याची दारे बदलावी लागतात ती यामुळे. ऐतिहासिक मूल्य असलेली दारे काही प्रसंगी सुधारणा करून ठेवता येतात.

या ठिकाणी नियमांचा अलीकडचा इतिहास पाहणे उद्‌बोधक ठरेल. जुन्या मार्गदर्शनात दुमजली घराच्या रूपांतरास एक सवलत होती. छपरात खिडकी ठेवावी, ती वळचणीपासून उतारावर मोजलेल्या १.७ मीटरांच्या आत असावी, म्हणजे बाहेरून शिडी लावून सुटका करता येईल. आणि जिन्याकडील जुनी दारे आपोआप मिटणारी केली म्हणजे पुरे. एप्रिल २००७ मध्ये अमलात आलेल्या आवृत्तीने हा मार्ग बंद केला. शिडी घेऊन कोणीतरी वेळेवर येईल, या गृहीतावर निजलेल्या माणसाचा जीव टांगून ठेवणे सोडून देण्यात आले आणि संरक्षित जिना हाच नियम झाला.

त्याच आवृत्तीने आणखी एक बदल केला. घरातील दारे आपोआप मिटविणारी साधने, मोटारगाडीच्या खोलीचे दार सोडल्यास, आवश्यक राहिली नाहीत. वरवर पाहता ही माघार वाटते. पण तिच्यामागे रहिवाशांच्या वागणुकीचा अनुभव होता. मुलाबाळांच्या घरात सतत अंगावर येणारे दार कोणालाच नको असते. लोक ती साधने काढून टाकीत अगर दारास पाचर लावून ठेवीत. कागदावर असलेली आणि घरात नसलेली सुरक्षितता ही नसलेल्या सुरक्षिततेहूनही वाईट. परंतु या बदलाचा परिणाम असा झाला की, नियम आता दाराच्या गुणवत्तेशी थांबतो. दार रात्री मिटलेले असेल की उघडे, हे घरातील माणसाच्या हाती राहिले. वीस मिनिटांचे दार उघडे असेल तर ते एका मिनिटाचेही नाही.

६. जमीन आणि सूचनायंत्रणा

नव्या खोलीच्या जमिनीने ३० मिनिटांचा अग्निरोध तिन्ही अर्थांनी दिला पाहिजे. खालच्या जुन्या पहिल्या मजल्याच्या जमिनीबाबत मात्र एक मर्यादित सवलत आहे : भार पेलण्याची मुदत ३० मिनिटेच राहते, पण अखंडता व रोधन यांची मुदत १५ मिनिटांपर्यंत चालते. त्यासाठी घरात एकच मजला वाढलेला असावा, नव्या मजल्यावर वसतियोग्य खोल्या दोनपेक्षा अधिक नसाव्यात, त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटरांहून जास्त नसावे, ती जुनी जमीन केवळ खोल्यांना विभागणारी असावी, जाण्यायेण्याच्या मार्गास नव्हे, आणि सुटकेच्या बाकीच्या तरतुदी पूर्ण असाव्यात. सवलत कोठे दिली आणि कोठे नाकारली, हे पाहण्यासारखे आहे. जिन्याच्या व येण्याजाण्याच्या मार्गात सूट नाही.

वाट सुरक्षित असूनही माणूस वेळेवर जागा झाला नाही तर ती व्यर्थ आहे. झोपेत घ्राणेंद्रियावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आवाज करणारे यंत्र हवे. प्रत्येक मजल्यावर येण्याजाण्याच्या जागेत निदान एक धूरसूचक असावा. तो घरातील मुख्य वीजप्रवाहावर चालावा, त्याला राखीव विद्युत्‌घटाची जोड असावी, आणि सर्व सूचक एकमेकांस जोडलेले असावेत. ही शेवटची अट मर्मभूत आहे. तळमजल्यावर धूर निघाला असता छपराखालचा सूचक वाजला पाहिजे, कारण अधिक वेळ त्यालाच हवा आहे. कोणत्याही वसतियोग्य खोलीच्या दारापासून सूचक ७.५ मीटरांच्या आत, आणि छतावर बसविल्यास भिंतीपासून व दिव्यापासून निदान ३०० मिलिमीटर दूर असावा. स्वयंपाकघर जिन्यापासून दाराने वेगळे केलेले नसेल तर तेथे उष्णतासूचक यंत्र लागते.

७. मोकळा तळमजला

प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत मोठा संघर्ष येथे होतो. पुष्कळ घरांत मधल्या भिंती पाडून तळमजला एकसंध केलेला असतो आणि जिना त्या मोकळ्या दिवाणखान्यातच उतरतो. दुमजली घर असेपर्यंत ते चालून गेले, कारण वरच्यांना खिडक्या होत्या. तिसरा मजला चढला की संरक्षित जिना बाहेरच्या दारापर्यंत नेणे आले, म्हणजे हौसेने पाडलेली भिंत पुन्हा उभारणे आले. पुस्तिकेत यावर एक पर्याय दिलेला आहे. मोकळ्या भागात आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवावी; स्वयंपाकाची जागा ३० मिनिटांच्या अग्निरोधक बांधकामाने वेगळी करावी; आणि तळमजला व वरचे मजले यांमध्ये अग्निरोधक पडदी व दार घालावे, अशा रीतीने की छपराखालच्या रहिवाशास पहिल्या मजल्यावरील सुटकेच्या खिडकीशी पोहोचता यावे. या योजनेतील युक्ती ध्यानात घ्यावी : माणसास जिन्याने बाहेर नेता येत नसेल, तर निदान साडेचार मीटरांच्या रेषेखाली आणावे.

मूळ घरच तीन मजली असेल तर छपराखालची खोली चौथ्या मजल्यावर जाते आणि तिची जमीन बहुधा ७.५ मीटरांच्या पुढे सरकते. तेव्हा एकटा संरक्षित जिनाही पुरेसा मानीत नाहीत. वरच्या मजल्यांस पर्यायी वाट अगर सर्व घरास फवारणी-यंत्रणा, यांपैकी एक द्यावे लागते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून एक क्रम स्पष्ट होतो. उंची वाढते तशी खिडकी निरुपयोगी होते. खिडकी गेली की जिन्यावर भार येतो. जिन्याचा भार दारांवर, आणि दारांचा भार अखेर रहिवाशाच्या सवयीवर येतो. या साखळीचे पहिले तीन दुवे रचनाकाराच्या हाती आहेत, शेवटचा नाही. तेव्हा काम पुरे झाल्याचा दाखला घरमालकाच्या हाती देताना रात्री दारे मिटून निजण्याचे महत्त्व त्याला समजावून सांगणे, हाही रचनाकाराच्या कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.

आपल्या विद्यार्थ्यांनी हे आकडे पाठ करून आपल्याकडील इमारतींस लावावेत असा या लेखाचा आग्रह नाही. घरांची घडण निराळी, बांधकामाची द्रव्ये निराळी, नियमही निराळे. पण कोणत्याही घरावर एखादी खोली चढविताना नकाशासमोर बसून विचारावयाचा प्रश्न सर्वत्र एकच आहे : या खोलीत एक मूल निजले आहे, खाली आग लागली आहे आणि जिना धुराने भरत आहे, ते मूल कोणत्या वाटेने बाहेर येईल? या प्रश्नास नकाशावर बोट ठेवून उत्तर देता येत नसेल, तर ती खोली अद्याप खोली झालेली नाही. ती अडगळीचीच जागा आहे.